रफाराचा शुक्रवार

पहाटे ५.४०

रात्री दहापर्यंत फडके रोडच्या बाजूनं ढोल-ताशांचा सराव ऐकू येत होता. गजर झाला तेव्हा डोकं जड. रविवारी पाडवा. डोंबिवलीत पाडव्याची स्वागतयात्रा म्हणजे घरचं कार्य. ही प्रथा इथूनच निघून गावोगावी गेली, हे डोंबिवलीकर दरवर्षी न विसरता सांगतात, मीही सांगते. यंदा योग असा की पाडवा ३० मार्चला आणि चंद्र दिसला तर ईद ३१ला. आज शुक्रवार, २८ मार्च २०२५. रमजानचा शेवटचा जुम्मा.

माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. शाळा कल्याण पश्चिमेला, जुन्या गावात, अनुदानित, मराठी माध्यमाची. पट बत्तीस. हीच मुलं मी पहिलीपासून वर आणली आहेत, त्यामुळे कुणाचा दात कधी पडला हेही मला ठाऊक आहे. पोळ्या लाटता लाटता टाचण डोळ्याखालून घातलं. भाषा. जोडाक्षरे. रफार.

सकाळी ८.०५

डोंबिवलीच्या फलाटावर या वेळी दोनच जमाती असतात : मुंबईकडे जाणारे आणि सुखी. मी सुखींपैकी. कल्याणच्या दिशेला बसायला जागा मिळते, ती मी गेली अठरा वर्षं उपभोगते आहे.

ही लाइन माझं पहिलं पाठ्यपुस्तक आहे. धीम्या गाडीनं ठाण्याहून निघालं की ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. आठ नावांत मराठी वाचनाच्या बहुतेक खाचाखोचा येतात. 'दिवा' आणि 'कोपर' पहिलीच्या दिवाळीपर्यंत सुटतात. मग 'ठाणे'तला ण, 'कळवा'तला ळ. 'डोंबिवली'त अनुस्वार आणि वेलांटी शेजारी शेजारी, तिथे गाडी थोडी रखडते. 'ठाकुर्ली'त रफार, 'कल्याण' आणि 'मुंब्रा' सगळ्यांत शेवटी. मुलांनी ही नावं गाडीतल्या बाईच्या आवाजात शेकडो वेळा ऐकलेली असतात. कानाला ओळखीचा शब्द डोळ्यांपुढे आला की मूल अक्षरांवर विश्वास ठेवू लागतं.

म्हणूनच भिंतीवरच्या तक्त्यांशी माझं भांडण आहे. 'ग गणपतीचा' म्हणायला माझी काही हरकत नाही, बाप्पाला तर नसावीच. पण ज्याला नुकता ग कळलाय त्याला 'गणपती' वाचता येत नाही. तो चित्र बघून बोलतो आणि आपण टाळ्या वाजवतो. 'य यज्ञाचा' हा तर सहा वर्षांच्या पोरावर उघड अन्याय आहे.

स्थानकांच्या नावांच्या पट्ट्या वाचताना, पहिलीत असतानाच, 'मुंब्रा'वरून एक मुलगा म्हणाला होता, "बाई, तिथं आपली माणसं नाही राहत." सहा वर्षांच्या तोंडातलं हे वाक्य त्याचं नसतं. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला येऊन राहिली आणि गाव फुगलं, हे त्याला सांगून काय उपयोग? पुढच्या वेळी खिडकीतून वर डोंगराकडे बघ, मुंब्रादेवीचं देऊळ दिसतं, एवढं सांगितलं. मग जिची नानी तिकडे राहते तिला विचारलं, मुंब्र्याला काय आहे गं? "नानी आहे. आणि बोगदा आहे." पारसिकचा बोगदा! पुढचे आठ दिवस निम्म्या वर्गाला मुंब्र्याला जायचं होतं.

९.००, परिपाठ

गेल्या वर्षीच्या सरकारी निर्णयापासून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आत भरत नाहीत. झोप पुरी झालेली मुलं ओळीत नीट उभी राहतात, हा माझा अनुभव.

राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, साने गुरुजींची प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. सगळं पाठ. मुलांच्या हातात उद्देशिकेचा कागद दिला तर बोट तिसऱ्या ओळीवर असतं आणि तोंड पाचव्या. प्रतिज्ञा मुळात १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली, हे मी मागे एकदा सांगितलं, तेव्हा तिसरीतल्या एकाचा चेहरा पडला. त्याला ती मराठीच वाटत होती. प्रार्थना लिहिणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर होते आणि मे १९४७मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं, हे मात्र मुलांना फार आवडतं. देवळात जायला बंदी असू शकते हेच त्यांना नवीन असतं. "का पण?" असं विचारतात. मलाही ते सोपं करून सांगता आलेलं नाही.

व्हरांड्याच्या भिंतीवर मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं रंगवली आहेत. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा आणि त्यांच्यातच 'सर्वधर्मसहिष्णुता'. आठ अक्षरांचा शब्द, त्यात दोन रफार, वर एक ष्णु. दुसरीतल्या मुलानं काल तो 'सव-धमर-सहि' असा वाचला आणि दम लागून थांबला. शिवाय रंगाऱ्यानं ष्णुला दीर्घ उकार काढलाय. म्हणजे शाळेतला सगळ्यांत मोठा गुण आमच्या शाळेत वाचता येत नाही आणि अशुद्ध आहे.

९.३०, हजेरी

मी हजेरी पुकारत नाही. दाराशी नावांच्या पट्ट्या टांगल्या आहेत. येणारा आपली पट्टी काढून 'आलो' या खणात लावतो. मग रोज एक मूल उरलेल्या पट्ट्या वाचतं, आज कोण आलं नाही ते सांगतं. पहिलीच्या जूनमध्ये आमचं पहिलं वाचन हेच होतं. मुलांची खरी नावं इथे देत नाही, त्याच घडणीची दुसरी देते. 'कमल', 'अमन', 'समर' ही काना-मात्रा नसलेली, म्हणून सगळ्यांत आधी. मग 'सबा', 'राधा', 'सारा'. मग 'समीर', 'कबीर'. पहिलीच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी वर्गानं बत्तीस शब्द वाचले, आणि ते शब्द शेजारी बसलेले होते. 'अमन' नावाचा मुलगा कुठल्या धर्माचा हे पट्टी सांगत नाही, 'समीर'चंही तेच.

नाव नीट उच्चारण्यावर माझा कटाक्ष आहे. 'झारा'ला 'जारा' करून चालत नाही. आपल्या जिभेला तो आवाज परका आहे, हे कारण तर अगदी खोटं. 'माझा'तला झ कुठून आला? 'चार' आणि 'चारा' यांतला च एकच लिहितो, पण निरनिराळा बोलतोच ना आपण? मराठी मूल हे आईच्या मांडीवर शिकतं.

या कटाक्षामागे एक जुनी टोचणी आहे. माझं लहानपण ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळचं. तिथे १८७९ सालचं 'शआर हाशामाइम' हे सिनेगॉग आहे. कोकणातले बेने इस्रायली पूर्वी तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. माझ्या बाकावर त्यांच्यातली एक मुलगी होती. आडनाव आमच्यासारखंच 'कर'नं संपणारं, मराठी माझ्याहून स्वच्छ. शनिवारी यायची नाही. सोमवारी हजेरीच्या वेळी आमच्या बाई तिच्या नावाशी थांबत आणि विचारत, "आल्या का शनिवारच्या पाहुण्या?" वर्ग हसायचा. मीही हसायचे. चौथीनंतर ते कुटुंब इस्रायलला गेलं. तिचं पहिलं नाव आम्ही सगळ्यांनी इतकं वाकडं करून ठेवलं होतं की मुळात ते कसं लिहीत, हे मला आजही माहीत नाही.

१०.००, रफार

रफाराची अडचण मोठ्या माणसांच्या ध्यानात येत नाही. तो लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण बोलायचा त्या अक्षराच्या आधी. मूल डावीकडून उजवीकडे इमानानं जातं आणि 'सूर्य'चा 'सूयर' करतं. ती चूक हुशारीची आहे. त्यानं दिसलं त्या क्रमानं वाचलंय. पहिल्या वेलांटीचंही तसंच, ती आधी दिसते आणि नंतर बोलली जाते. आपली लिपी सोपी आहे, जसं लिहितो तसंच वाचतो, असं अभिमानानं सांगणाऱ्यांनी एकदा दुसरीत येऊन बसावं.

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या मॅक्सीन बर्नसन यांनी एक साधी गोष्ट कधीच सांगून ठेवली आहे : सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, असा मोर्चा न काढता थोडी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायला द्या. जन्मानं अमेरिकन असलेल्या बाईंनी मराठी मास्तरांना मराठी वाचायला कसं शिकवावं हे सांगावं, यात कुणाला कमीपणा वाटला असेल तर वाटो. माझा वर्ग त्या वाटेनं लवकर वाचू लागला.

फळ्यावर आधी 'ठाकुर्ली' लिहिलं. सगळ्यांना ऐकू येणारं नाव. र कुठे ऐकू आला? लीच्या आधी. आणि दिसतो कुठे? लीच्या डोक्यावर. "डोक्यावर बसलाय पण आधी उतरतो," असं एकजण म्हणाला. माझ्या टाचणातल्या चार ओळींपेक्षा हे बरं होतं, मी तेच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

मग मुलांनी शब्द द्यायचे. गर्दी, बर्फ, वर्ग, अर्धा, कुर्ता, सूर्य, चर्च, मिरची. मिरची खोडली, मग 'मिर्ची' म्हणणारीनं वाद घातला, तिच्या घरी तसंच म्हणतात. शेवटी दोन्ही लिहिले. 'सूर्य' संस्कृतातला, 'बर्फ' फारसीतला, 'चर्च' इंग्रजीतला. मुलांना हे सांगत नाही, पण मला स्वतःला दिसतं आणि बरं वाटतं. रफार कुणाच्याही डोक्यावर बसतो.

"दर्गा," मागून एकजण म्हणाला. लिहिलं. त्याच्या वरच, मघाशी एकीनं सांगितलेला 'दुर्गा' होता. दोन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक आले, हे मी मुद्दाम केलेलं नव्हतं. (टाचणात 'दुर्गा' होता, 'दर्गा' नव्हता, हे कबूल करते.) वर्ग गप्प होऊन बघू लागला. मग पहिल्या ओळीतली म्हणाली, "बाई, एकाच उकाराचा फरक आहे." दुसरा लगेच, "आणि पुढे डी लावलं की दुर्गाडी."

आता हे कल्याण. खाडीकाठी दुर्गाडी किल्ला. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, इथेच आरमाराची सुरुवात झाली. किल्ल्यावर देवीचं मंदिर, आणि तिथेच ईदचा नमाज होतो. जागा कुणाची हा दावा १९७६पासून कोर्टात होता, तो डिसेंबर २०२४मध्ये कल्याणच्या न्यायालयानं फेटाळला. त्या आठवड्यात एक मुलगा वर्गात येऊन म्हणाला होता, "दुर्गाडी आपली झाली." दोन मुलं खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसली होती, टोक झालेल्या पेन्सिलीला.

सात वर्षांच्या मुलांना कोर्टाचा निकाल समजावणं मला जमत नाही. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, दुर्गाडीवर तुम्ही काय काय बघितलंय? आकाशपाळणा, एक. देवीची गर्दी. ईदचे नवे कपडे. वारा. खाडी. चिखलाचा वास. पूल, आणि पुलावरचे ट्रक. सगळे शब्द फळ्यावर, मग सगळ्यांनी वाचले, वहीत उतरवले. खाली मान घातलेल्यांपैकी एकानं 'वारा' सांगितला होता. यानं काही सुटलं असा माझा दावा नाही. त्या मुलाच्या घरी त्या संध्याकाळी काय बोललं गेलं असेल ते मला कुठे ठाऊक?

आज 'दुर्गाडी' फळ्यावर आली तेव्हा तसं काही झालं नाही. 'दर्गा, दुर्गा, दुर्गाडी' असं पोरांनी गाणंच केलं आणि बाकं बडवली. शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

१०.५०

प्रकट वाचन. घरी भोजपुरीमिश्रित हिंदी बोलणारी एक मुलगी उभी राहिली, छान लयीत वाचत होती. "माझी शाला..." लगेच मागून हसू. "शाला नाही, शाळा! हिला मराठी येत नाही, बाई."

हसणारा आगरी. त्याचं गाव कधीच पालिकेच्या हद्दीत आलंय, पण घरात बोली शाबूत आहे.

"तुझी आजी डोळ्याला काय म्हणते रे?"

"डोला."

"आणि पाण्याला?"

"पानी." आता त्याच्या ध्यानात यायला लागलं.

"मग आजीला मराठी येत नाही?"

"आजीला सगळं येतं," तो रागावूनच म्हणाला.

आगरी-कोळी बोलीत ळचा ल होतो, णचा न होतो. ही माणसं या खाडीवर आपल्या सगळ्यांच्या आधीपासून आहेत. 'शाला' ऐकून जो बाहेरचा ठरवायचा, तो कधी उत्तरेकडून आलेला असतो आणि कधी इथला मूळ मालक. मुलीनं शब्द बरोबर ओळखला, अर्थ बरोबर लावला, जीभ फक्त घरची होती. ही मी वाचनातली चूक धरत नाही. आमच्यातल्या एका सरांना हे पटत नाही. "मग प्रमाण भाषा केव्हा येणार, बाई?" येते, सर. चौथीपर्यंत येते. वाचताना हसलं गेलेलं मूल मात्र पुढच्या वेळी हात वर करत नाही.

११.४५, मधली सुट्टी

खिचडी. आहाराच्या ताईंनी पातेली उतरवली आणि ओळ लागली. एक मुलगी ताटली न घेता बाजूला उभी. "माझा रोजा आहे." सात वर्षांची पोर, मी आईला फोन लावला. आई हसली. "बारापर्यंतच हो, बाई. आजीला सांगितलंय तिनं. बारा वाजले की खाऊ दे." ताईंनी तिची ताटली झाकून ठेवली.

पंधरा मिनिटं ती ओट्यावर बसली आणि तिच्याभोवती चौकशी समिती.

"रोजात साबुदाणा चालतो?"

"काहीच नाही चालत. पाणीपण नाही."

"पाणीपण नाही?" विचारणारा घाबरला. त्याच्या घरी उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वरीचे तांदूळ आणि राजगिऱ्याचा लाडू. थोडा विचार करून तो म्हणाला, "मग मी नाही करणार. आमचाच बरा."

याला सहिष्णुता म्हणायचं की नाही, हे मूल्यशिक्षणवाल्यांनी ठरवावं. बारा वाजल्याचं तिला त्यानंच ओरडून सांगितलं.

१२.२०

फाटकाशी दोन वडील आलेत, जुम्म्याच्या नमाजासाठी मुलांना न्यायला. "बाई, आज जरा लवकर सोडता का? शेवटचा जुम्मा आहे." वहीत सह्या घेतल्या. गणपतीत आम्ही याच वहीत पानंच्या पानं सह्या घेतो.

तेवढ्यात मुख्याध्यापकांचा निरोप. दोन तक्रारी. एका पालकांचा फोन : वर्गातल्या 'नवा शब्द' या उपक्रमात 'रोजा' का दिला? दुसऱ्यांची चिठ्ठी : मुलाला गुढी का रंगवायला लावली? सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, दोन्ही राहू द्या ना. सरळ वसंत ऋतू घ्या."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. पण मी मुद्दा सोडला नाही. राज्यघटनेचं २८वं कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देऊ नका म्हणतं, आणि अनुदानित शाळेत त्याची सक्ती करू नका म्हणतं. धर्मांविषयी शिकवू नका असं ते म्हणत नाही. अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली हाच भेद मान्य केला. पूजा कशी करायची हे मी शिकवत नाही, नमाज कसा पढायचा हेही नाही. शेजारचा मुलगा आज का जेवत नाही, हे वाचता येण्यापुरता शब्द मी देते. सर नेहमीप्रमाणे म्हणाले, "लेखी देऊन ठेवा."

चिठ्ठीवाले वडील योगायोगानं फाटकाशीच होते. विचारलं. "रंगवायला हरकत नाही, बाई. आम्हाला वाटलं पूजा करून घेता." मिटलं. फोनवाल्यांशी मी बोलले, ते मिटलं नाही. ते सोमवारी शाळेत येणार म्हणाले. सोमवारी सुट्टी आहे, असं मी सांगितलं. कसली, ते त्यांना माहीत होतंच.

१.००, गोष्टींचा तास

खिडकीत दोरी बांधून पुस्तकं टांगली आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'ची पानं इतकी हाताळली गेलीत की कोपरे गोल झालेत. पण माझ्या दोरीवर एक उणीव आहे. मुस्लिम मूल ज्यात आहे असं पुस्तक म्हणजे ईदचंच पुस्तक. त्या मुलाची सायकल हरवत नाही, त्याला पोटदुखी होत नाही, तो फक्त शीरखुर्मा वाटतो. आमच्या स्नेहसंमेलनातही तेच. एक टोपीवाला, एक पगडीवाला, एक गळ्यात क्रॉस घातलेला, एक धोतरवाला, चौघे हात धरून उभे, टाळ्या. एका वर्षी टोपी घातलेला मुलगा जोशांचा होता आणि ज्याच्या घरात टोपी होती तो मागे झाड झाला होता.

म्हणून आम्ही आमची पुस्तकं करतो. मुलांनी सांगायचं, मी मोठ्या अक्षरांत लिहायचं, त्यांनी चित्र काढायचं, मग सुतळीनं शिवायचं. यात नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच सांगत होत्या, की मुलाच्या परिसरातून आणि त्याच्या बोलण्यातून सुरुवात करा. तेव्हा तो सगळा ठाणे जिल्हाच होता. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची 'क्वेस्ट' ही संस्था आज वाचन-लेखनावर काम करते, तोही भाग २०१४पर्यंत आमच्याच जिल्ह्यात. चांगली कामं पालघरला गेली आणि आमच्याकडे टॉवर राहिले, असं मी कधी कधी चिडून म्हणते.

यंदाचं पुस्तक 'आमच्या घरचा वास'. प्रत्येकाचं एक पान, एक वाक्य. आमच्या घरी सकाळी उदबत्तीचा वास येतो. आमच्या घरी लोबानचा वास येतो. आमच्या घरी बाबांच्या रंगाच्या डब्यांचा वास येतो. आमच्या घरी सुक्या बोंबलाचा वास येतो आणि मला आवडतो. नियम असा की आपलं पान आपण वाचायचं नाही, दुसऱ्याचं वाचायचं. बोंबलाच्या पानावर सगळ्यांच्या उड्या. शुद्ध शाकाहारी घरातला एकजण ते वाक्य तीनदा वाचून आला. 'आणि मला आवडतो' हे तो जोरात म्हणत होता.

१.५०, एकेकाचं वाचन

वर्ग चित्र काढतोय, मी एकेकाला जवळ घेऊन मोबाइलवर मिनिट लावते. निपुण भारत या सरकारी अभियानाच्या हिशेबानं दुसरीच्या मुलानं अर्थ समजून मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचायचे. बहुतेकांचं जमतंय. एकजण एकोणीसवर आहे. जून महिन्यात चारवर होता, पण तक्त्यात तसा रकाना नाही.

तक्त्यात स्तर आहेत : अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद. ही आमची कार्यालयीन सोय, पण ती मुलांच्या तोंडी गेली आहे. "तू अजून शब्दवाला." धर्मावरून चिडवणं माझ्या वर्गात महिन्यातून एखाद वेळ होतं, आणि ते झालं की आम्ही सगळे मोठे धावतो. वाचता येत नाही यावरून चिडवणं रोज होतं आणि कुणी धावत नाही. एकोणीसवाला मुलगा डिसेंबरमध्ये 'दुर्गाडी आपली' म्हणाला होता तोच. मी ते दोन्ही एकत्र ठेवून पुष्कळ विचार केलाय. वर्षभर ज्याला 'तू खालचा' हे ऐकावं लागतं, त्याला आपल्या खाली कुणीतरी मिळाल्याचा तो एकच दिवस होता. निदान मला तसं वाटतं. त्याला परिच्छेदापर्यंत नेणं, हीच माझ्या हातातली सर्वधर्मसहिष्णुता.

स्तरांचा तक्ता मी आज कपाटाच्या आतल्या बाजूला लावला.

३.००

ऑनलाइन माहिती. सर्व्हर बंद. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. या तासाबद्दल एवढंच.

५.१०

कल्याण सार्वजनिक वाचन मंदिरात पुस्तक बदलायला गेले. १८६४ची संस्था. तिथे आमचे एक निवृत्त सर भेटले. १९८४मध्ये भिवंडीत दंगल झाली, तेव्हा ते तिथे नव्यानं नोकरीला लागलेले. १९८८नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. सरांना ते दिवस चांगले आठवतात. "बैठकीत धर्मावर फारसं कुणी बोलायचंच नाही. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, हेच. पण त्यामुळे एकमेकांची नावं कळली."

मी त्यांना दर्गा-दुर्गाचा किस्सा सांगितला. ते म्हणाले, "वहीत लिहून ठेव. आणि तक्रार येईल, तीही."

रात्री ९.१५

जेवणं झाली. फडके रोडकडून पुन्हा ढोल. मंगळवारचं टाचण लिहिलं : १ एप्रिल. भाषा. र-ची उरलेली रूपं. शब्द : चक्र, ट्रक, मुंब्रा, सुऱ्या, दुसऱ्याचा.

भिंतीवरच्या दीर्घ उकारासाठी रंगाऱ्याला फोन केला. "सणाचे दोन दिवस जाऊ द्या, बाई," तो म्हणाला. "मंगळवारी सकाळी येतो."